अहल्याबाई दाखल होतात

अहल्याबाई टिपणिसांना 'नाही' म्हणता येत नसे, हे सगळ्या घडियाळी पोळीला, म्हणजे त्या जुन्या गुजराती गल्लीला, ठाऊक होतं. एकदा त्या न्यायमंदिराजवळ भाजी घेऊन उभ्या होत्या. समोर बस थांबली, कंडक्टर म्हणाला, "चालो माशी, जल्दी बेसी जाओ," आणि मावशी बसल्या. बस डभोईची होती. संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा पिशवीत डभोईची वांगीही होती, कारण तिथल्या भाजीवाल्यालाही त्यांना नाही म्हणता आलं नव्हतं. दुसऱ्या एका वेळी मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला निघालेल्या अहल्याबाई शेजारच्या हॉलमध्ये शिरल्या. दारात कुणीतरी "आवो, आवो" म्हणालं. त्या जेवल्या, आहेर दिला, नवरानवरीबरोबर फोटो काढला. त्या घरातून पुढे कित्येक वर्षं त्यांना दिवाळीला फराळाचे मठिया येत राहिले.

शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. पोळीत दुसऱ्या मजल्यावर, शिडीसारख्या उभ्या जिन्याच्या घरात, थोरल्या बहिणीबरोबर राहत. थोरल्या सुहासिनीबाई म्हणजे अगदी दुसरं टोक. जन्मभर प्रतापनगर स्टेशनच्या तिकीटखिडकीत बसून त्यांचा आवाज असा तयार झाला होता की त्या वरून हाक मारायच्या आणि पोळीच्या तोंडाशी सायकली थांबायच्या. घरातले सगळे नकार त्याच देत.

दोन हजार अकरा सालच्या नवरात्रात, ललिता पंचमीला, सत्तर वर्षांच्या या सुहासिनीबाई गरब्यात पडल्या. ताल चढलेला, घागऱ्यांची चक्रं फिरत होती, आणि बाई तीन टाळ्यांच्या गरब्यात पोरींच्या पुढे गेल्या होत्या. पाय मुरडला. खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवर घालताना त्या म्हणाल्या, "ढोल कशाला थांबवलाय? वाजवा की."

शस्त्रक्रिया नीट झाली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अहल्याबाईंना बाहेर बोलावलं.

"हाड मी जोडलंय. आता पुढचा दीड महिना काम नर्सचं. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाक्यांवर लक्ष ठेवायचं, इंजेक्शनं द्यायची, रोज थोडं थोडं चालवायचं. घरी कामाला बाई ठेवून हे होणार नाही. आणि तुमचा तो जिना तर विसराच. चांगलं नर्सिंग असेल अशी जागा बघा."

अहल्याबाईंनी मान हलवली. खाटेवरून सुहासिनीबाईंचा आवाज आला, "अहल्ये, एकच जागा बघून येऊ नकोस. चार बघ. रात्री कोण असतं ते विचार, बेल दाबून बघ, संडासात धरायला दांडा आहे का बघ. आणि कुणी काही म्हटलं की मान हलवून येऊ नकोस!"

"हो ताई," म्हणून अहल्याबाईंनी पुन्हा मान हलवली.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. पाणीगेटजवळ त्यांना 'नर्सिंग होम' अशी ठळक पाटी दिसली. नर्सिंग हवं होतं, होमही हवं होतं. त्या आत गेल्या. बाकावर तरुण मुली बसल्या होत्या. काउंटरवरच्या बाईंनी पेन उचललं.

"कोना माटे?"

"माझ्या बहिणीसाठी."

"केटला महिना?"

"दीड," अहल्याबाई म्हणाल्या.

"पहेली वार?"

"हो, याआधी कधी काही झालं नाही तिला."

"उंमर?"

अहल्याबाई एरवी गुजराती फर्डं बोलत, पण गोंधळल्या की तोंडून मराठी आकडे येत. "सत्तर," त्या म्हणाल्या. आता मराठीतले सत्तर म्हणजे सात दाहे सत्तर. पण गुजरातीत सत्तर म्हणजे सतरा. काउंटरवरच्या बाईंचं पेन थबकलं.

"लग्न थयां छे?"

"नाही हो, केलंच नाही तिनं."

बाईंनी आवाज खाली आणला. "घरमां खबर छे?"

"घरात काय, सगळ्या पोळीला खबर आहे! सगळ्यांसमोरच पडली ना. आता पोळीतले एकेक भेटून जातायत."

बाई उठून आत गेल्या आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या. डॉक्टरीणबाई फार गंभीर होत्या. त्यांनी अहल्याबाईंना खोलीत बसवलं, पाणी दिलं, "घाबरू नका, मुलीला घेऊन या, आपण बघू," असं म्हणाल्या. अहल्याबाई म्हणाल्या, "आणणार कशी? खुब्यात रॉड घातलाय." मग हळूहळू उलगडा झाला की हे बाळंतिणींचं नर्सिंग होम आहे. डॉक्टरीणबाई टेबलावर डोकं ठेवून हसल्या. बाहेर बाकावरच्या मुली पोट धरून हसल्या, आणि त्यांनी तसं हसू नये म्हणून काउंटरवरच्या बाई त्यांना दटावता दटावता स्वतःच हसू लागल्या. तेवढ्यात कुणाला तरी मुलगी झाली आणि बापानं सगळ्यांना पेढे वाटले. अहल्याबाईंनी दोन घेतले. एक ताईसाठी.

दुसरी जागा डभोई रोडवरचा वृद्धाश्रम. तिथे अहल्याबाईंचं मन इतकं रमलं की त्या दुपारचं जेवून, भजनात टाळ वाजवून, पत्त्यांचे दोन डाव खेळून निघाल्या. निघता निघता आठवण झाली म्हणून विचारलं, "नर्स कुठाय?" तेव्हा कळलं की गुरुवारी एक कंपाउंडर येतो. चालत्या फिरत्या माणसानं तिथे सुखानं राहावं. ताजे टाके असलेल्या माणसानं नाही. "ताई बरी झाली की दोघी येऊ," असं सगळ्यांना सांगून त्या रिक्षात बसल्या.

तिसरी जागा म्हणजे शहराबाहेर, हायवेच्या कडेला नवीनच निघालेलं 'प्लॅटिनम पारिजात'. अंगणात कारंजं, काचेचे दरवाजे, आत गारेगार हवा आणि भिंतीएवढी माशांची पेटी. काउंटरवर कुणी नव्हतं. अहल्याबाईंचे पाय दुखत होते आणि बसायला माशांच्या पेटीजवळची चाकाची खुर्चीच काय ती होती. त्या बसल्या आणि मासे बघू लागल्या.

मागून कुणीतरी खुर्चीचे दांडे धरले. "येसूबाई ने? डभोईथी? केव्हाची वाट बघतोय तुमची!"

काय विचारलं ते कळायच्या आतच अहल्याबाईंच्या तोंडून "हो" निघून गेलं.

पुढचं सगळं फार भराभर झालं. खुर्ची लिफ्टमधून वर गेली. अंगावर निळा गाऊन आला, मनगटावर 'येसूबाई' असं लिहिलेली पट्टी आली. मोबाइल खांद्यानं कानाशी दाबून बोलत एक मुलगी आली. तिनं फाइल बघितली, "डाबा पगनुं ड्रेसिंग," असं पुटपुटली आणि फोनवर बोलता बोलता अहल्याबाईंच्या धडधाकट डाव्या पायाला घोट्यापासून बोटांपर्यंत सुबक बँडेज बांधून टाकलं. एकदाही पायाकडे बघितलं नाही. अहल्याबाईंनी दोनदा बोट वर केलं, शाळेतल्या मुलीसारखं. पण मुलगी निघून गेली होती.

मग त्यांना एका मोठ्या हॉलमध्ये खिडकीशी नेऊन ठेवलं. तिथे दहाबारा म्हातारी माणसं आपापल्या खुर्चीत टीव्हीकडे तोंड करून बसली होती. शेजारच्या खुर्चीत एक उंच, पिळदार मिशांचे गृहस्थ होते. उजवा पाय प्लास्टरमध्ये.

"नमस्कार. मल्हारराव मोहिते," ते म्हणाले. "आजच आलात?"

"हो," अहल्याबाई म्हणाल्या, आणि लाजून त्यांनी शेजारच्या टेबलावरची बेल दाबली. घंटा दूर कुठेतरी वाजली. कुणी आलं नाही.

"काही उपयोग नाही," मल्हारराव म्हणाले. "वाजते छान. पण ऐकणारं कुणी नाही. एवढ्या मजल्याला नर्स एक, आणि तिचा फोन संपत नाही. मी कमाटीबागेतली पोरांची छोटी आगगाडी चालवायचो. घंटा झाली की गाडी थांबवायची, एवढं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं."

"तुम्ही? छोट्या गाडीचे?" अहल्याबाई उजळल्या. "मी शाळेच्या पोरांना आणायची! तुम्ही पुलाजवळ मुद्दाम वेग वाढवायचा, आणि पोरं किंचाळायची."

"पोरं नाही. बाईच जास्त किंचाळायच्या."

दोघं हसले. मल्हाररावांनी आपली बेल दाबली. अहल्याबाईंनी आपली दाबली. त्यांनी दोनदा दाबली, यांनी तीनदा. मल्हारराव गाडी सुटताना वाजवायचे तसं वाजवू लागले, आणि अहल्याबाई गरब्याच्या टाळ्यांसारखं मध्ये मध्ये भरू लागल्या. टीव्हीकडे तोंड करून बसलेल्या दोनतीन माना इकडे वळल्या. शेवटी एक माणूस आला, भिंतीवरचं एक बटण फिरवून त्यानं घंटेचा आवाज बंद केला आणि गेला.

तेवढ्यात अहल्याबाईंना ऐकू आलं की भिंतीकडेला बसलेल्या एक आजी मघापासून हलक्या आवाजात पाणी मागताहेत. किती वेळ मागत होत्या कोण जाणे. अहल्याबाई उठल्या, बँडेज बांधलेल्या पायानं टकटक चालत गेल्या, त्यांना पाणी पाजलं, पदरानं, म्हणजे गाऊनच्या बाहीनं, तोंड पुसलं आणि परत येऊन बसल्या.

"अहो, पाय!" मल्हारराव घाबरून म्हणाले.

"पायाला काही झालेलं नाही माझ्या," अहल्याबाई कुजबुजल्या. "मी येसूबाईसुद्धा नाही."

आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाणीगेटच्या 'सत्तर'पर्यंत पोचल्या तेव्हा मल्हाररावांची खुर्ची हसण्यानं मागे मागे सरकू लागली, आणि ब्रेक लावायला कुणीच नसल्यानं अहल्याबाईंनीच तो लावला.

इतक्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. डभोईच्या खऱ्या येसूबाई आल्या होत्या. मुलगा मानसिंगराव, जीपभर गाद्या, पाण्याचा माठ आणि पेरूंची टोपली. काउंटरवरचा माणूस त्यांना शांतपणे सांगत होता, "येसूबाई तर सकाळीच दाखल झाल्यात."

"मग मी कोण?" येसूबाई गरजल्या. "मान्या, विचार याला, मी कोण!"

"तुम्ही त्यांच्या नातलग असाल."

"मी माझीच नातलग?"

खात्री करून द्यायला त्यानं सगळ्यांना वर आणलं. "आ रह्यां येसूबाई," असं म्हणून अहल्याबाईंकडे बोट दाखवलं. येसूबाई मुलाच्या आणि काठीच्या आधारानं दारात उभ्या होत्या. डाव्या पायाला जुनं, मळलेलं फडकं. त्यांनी अहल्याबाईंच्या पायाकडे बघितलं.

"हे माझं बँडेज?"

"हो," अहल्याबाई म्हणाल्या. मग धडपडत उभ्या राहिल्या. "म्हणजे, चुकून. काढून देते."

"बसा, बसा! तुमच्या पायाला काय झालंय?"

"काहीच नाही."

"काही नाही, आणि बांधलं?"

मग येसूबाई अशा हसल्या की माशांच्या पेटीपर्यंत ऐकू गेलं असेल. मानसिंगराव मात्र हसले नाहीत. आईच्या पायाला मधुमेहाची जखम होती, महिनाभर ती भरत नव्हती. ते अहल्याबाईंना म्हणाले, "बाई, तुम्ही सकाळपासून इथं आहात. खरं सांगा. आईला ठेवू का?"

अहल्याबाईंनी सवयीनं मान हलवायला घेतली. भिंतीकडच्या आजी दिसल्या. मान अर्ध्यातच थांबली.

"नाही," त्या म्हणाल्या.

आवाज आपलाच आहे का, असं त्यांना वाटलं. म्हणून पुन्हा म्हणून बघितलं. "नाही. मुळीच ठेवू नका. आधी त्या आजींच्या घरी कुणाला तरी फोन करा, आणि मग चला इथून."

"चला म्हणजे मीपण," मल्हारराव म्हणाले. "राजमहाल रोडला निरुपमा सिस्टरांची जागा आहे. मोठ्या दवाखान्यात हेड सिस्टर होत्या. मला तिथेच जायचं होतं, पण तिथे कारंजं नाही, म्हणून आमच्या उदयसिंहला पटेना."

काउंटरवरच्या माणसानं वाट अडवली. पेशंट असा जाऊ शकत नाही, मुलाची परवानगी लागेल. मल्हाररावांनी अंकलेश्वरला मुलाला फोन लावला. उदयसिंहराव ओरडू लागले तसा त्यांनी फोन अहल्याबाईंच्या हातात दिला.

"कोण बोलतंय? बाबांना आधी आत न्या!"

"नाही," अहल्याबाई म्हणाल्या.

"म्हणजे काय? तुम्ही कोण?"

"मी अहल्या टिपणीस. तुमचे वडील शुद्धीत आहेत, शहाणे आहेत, आणि त्यांना जायचं आहे. तुम्ही राजमहाल रोडला या. नाही, इथे नाही. नाही, उद्या नाही, आजच या." प्रत्येक 'नाही'बरोबर त्यांचा चेहरा फुलत चालला होता आणि काउंटरवरचा माणूस एकेक पाऊल वाटेतून बाजूला सरकत होता. आजींच्या सुनेला फोन लागला. तीही तासाभरात येते म्हणाली, तेव्हा कुठे अहल्याबाई लिफ्टकडे वळल्या.

जीपमध्ये गाद्यांवर मल्हारराव प्लास्टर पसरून बसले, शेजारी येसूबाई, पुढे निळ्या गाऊनमध्ये अहल्याबाई, मांडीवर घडी केलेली साडी आणि पेरूंची टोपली. येसूबाई पेरू कापून सगळ्यांना देत होत्या आणि दर वळणाला म्हणत होत्या, "मी माझीच नातलग!" सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "माशी, दवाखानेथी भाग्यां के शुं?" अहल्याबाईंनी त्यालाही पेरू दिला.

निरुपमा सिस्टरांची जागा एका जुन्या बंगलीत होती. पंधराएक खाटा. कारंजं खरंच नव्हतं. पण जीप थांबते न थांबते तोच दोन नर्स बाहेर आल्या आणि मल्हाररावांना कसं उतरवायचं ते एकमेकींशी बोलून, मगच त्यांना हात लावला. सिस्टर स्वतः साठीच्या, केस आखूड, हात सारखे धुऊन कोरडे पडलेले.

त्यांनी आधी येसूबाईंचा पाय उघडला, वास घेतला, बोटांना टाचणीनं स्पर्श करून "कळतंय का?" असं प्रत्येक बोटाला विचारलं. मग मल्हाररावांच्या पाठीखाली हात घातला.

"मल्हारराव, पाठ दुखते का?"

"बसून बसून दुखते थोडी."

"दुखणारच. कातडी गेलीय इथं. तुम्हाला कुणी वळवलंच नाही." त्यांनी नर्सला हाक मारून ड्रेसिंगचं सामान मागवलं.

शेवटी त्या अहल्याबाईंकडे वळल्या. बँडेज सोडलं. पाय उलटा केला, सुलटा केला, नाडी बघितली, डोळ्यांखाली बघितलं.

"या बँडेजखाली जखमच नाही."

"नाही."

"नाडी घोड्यासारखी चाललीय, पण ती हसून. बाई, तुम्हाला काहीही झालेलं नाही. कशाला आलात?"

"जागा बघायला," अहल्याबाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण दिवसभरात त्यांच्या पायाकडे नीट बघणारं हे पहिलंच माणूस होतं. मग त्यांनी ताईनं सांगितलेलं सगळं विचारलं. रात्री कोण असतं? शिकलेल्या नर्स दोन, आणि सिस्टर माडीवरच राहतात. चालवायला कोण येतं? फिजिओथेरपिस्ट रोज सकाळी येतो. संडासातला दांडा त्यांनी स्वतः लोंबकळून बघितला. सिस्टर म्हणाल्या, "तो नव्वद किलोच्या माणसानं तपासलाय. पण लोंबकळा, हरकत नाही."

उदयसिंहराव संध्याकाळी तावातावानं आले. सिस्टरांनी त्यांना थेट वडिलांची पाठ दाखवली. ते खाटेशेजारी स्टुलावर बसले. मल्हाररावांनीच शेवटी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "कारंजं छान होतं रे. ते मात्र खरं."

दुसऱ्या दिवशी सुहासिनीबाईंची खाट येसूबाईंच्या शेजारी लागली. दोन मोठे आवाज एका खोलीत आले, तेव्हा पहिले चार दिवस पंख्याच्या वेगावरून युद्ध झालं. नंतर दोघींची अशी गट्टी जमली की नर्सनी दुपारी दोन तास त्यांना बोलायची बंदी केली. दिवाळीत अहल्याबाईंनी व्हरांडाभर रांगोळी घातली आणि सुहासिनीबाई वॉकर धरून रांगोळीच्या कडेकडेनं पहिल्यांदा दारापर्यंत चालत आल्या. कुठेही न पुसता. येसूबाईंची जखम भरली. त्या डभोईला गेल्या आणि दर आठवड्याला पेरू नाहीतर सीताफळं धाडू लागल्या. मल्हारराव काठी घेऊन चालू लागले. मुलानं त्यांना अंकलेश्वरला नेलं; तिथून ते दर रविवारी फोन करत, आणि अहल्याबाई फोनवर इतक्या हसत की सुहासिनीबाई म्हणायच्या, "अहल्ये, गाडीवानाला सांग, मला झोपू दे."

ही बातमी पोळीतून मांडवीला आणि तिथून कुठे कुठे गेली. कुणाच्या आईला पक्षाघात, कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन. लोक अहल्याबाईंकडे येऊ लागले. त्या जात. निळा गाऊन घालत नसत, पण खाटेवर पडून बघत, नर्सला नाव विचारत, कातडी शाबूत आहे का म्हणून रुग्णांच्या टाचा बघत. काही ठिकाणी त्या येणार म्हटलं की चादरी बदलत, आणि ते कळल्यापासून अहल्याबाई न सांगता आदल्या दिवशीच जात.

परवाच वाडीतले हेरंब गुप्ते सकाळी सकाळी आले. आईसाठी जागा बघायची होती. ऊन फार आहे, उद्या जाऊ, असं ते म्हणत होते. अहल्याबाईंनी चपला घातल्या होत्या. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "हेरंब, तू येतोस की मी एकटी जाऊ?"